रिकाम्या हॉलचं माप

१

घरात चांगला आवाज हवा असेल तर आधी खोलीचा स्वभाव कळायला हवा, हे मी लोकांना सांगून सांगून थकलो आहे. लोक भारीतले स्पीकर आणतात, ते शोकेसमध्ये नातवाला मिळालेल्या कपांच्या शेजारी कोंबतात, आणि मग मला फोन करतात, "सर, आवाज घुमतोय." घुमणारच. नाक-तोंड दाबून बसवल्यावर स्पीकर दुसरं काय करणार?

माझं नाव श्रीनिवास. उस्मानपुऱ्यात माझं छोटं दुकान आहे. विक्री थोडी, जोडणी जास्त. माझी कामाची एक पद्धत आहे आणि ती मी मोडत नाही. तारा जोडून झाल्या की घरातल्या सगळ्यांना खोलीबाहेर काढतो. पंखा बंद, फ्रिज बंद. ऐकणारा जिथे बसणार असेल तिथे त्याच्या कानाच्या उंचीवर माईक उभा करतो, आणि स्पीकरमधून एक लांब सूर सोडतो. अगदी खालच्या खर्जापासून तो चढत चढत जातो आणि शेवटी फक्त कुत्र्यांना कळेल इतका वर पोचतो. भिंतींवर आपटून तो माघारी येतो आणि लॅपटॉप त्याचं माप घेतो.

रिकाम्या खोलीत आवाज थोडा रेंगाळतो. माणसं बसली की ती आवाज पिऊन टाकतात आणि रेंगाळणं कमी होतं. यात काही गूढ नाही. मंगल कार्यालयात लग्नाच्या आदल्या दिवशी टाळी वाजवून बघा आणि पंगत बसल्यावर पुन्हा वाजवा, फरक कुणालाही कळेल.

शैला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणतात, "लोकांच्या घरी जाऊन शिट्ट्या मारता आणि त्याला विद्या म्हणता." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

२

नोव्हेंबर संपता संपता रामेश्वर माझ्या दुकानात आला. पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्याच्या आत त्याने नवीन घर बांधलं होतं. घराण्याचा धंदा मेंढरांचा. त्याने मात्र जेसीबी चालवला, मग स्वतःचा घेतला. पस्तिशीचा, धिप्पाड, पण बोलताना हात मागे बांधून उभा राहणारा माणूस.

"सर, एकदम भारी आवाज पायजे," तो म्हणाला. "माझ्या बाबाच्या ओव्या हायेत. जत्रंत म्हनलेल्या. कॅशेटवर व्हत्या, त्या पोरांकडून कॉम्प्युटरवर करून घेतल्यात. बाबाला वाटलं पायजे की आपन जत्रंतच बसलोय."

"ऐकायला कुठं बसतात बाबा?"

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. केरबा, त्याचा बाप, घरात बसतच नव्हता. वास्तुशांतीच्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आला, थांबला आणि माघारी फिरला. तेव्हापासून तो अंगणात पत्र्याच्या शेडखाली बाजेवर झोपत होता. दोन पावसाळ्यांत दोनदा न्यूमोनिया झाला होता. आणखी एकदा झाला तर फुप्फुसं साथ देणार नाहीत, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. आणि थंडी तर सुरू झाली होती.

"बाबा आत आला पायजे, सर. बाकी मला गान्यातलं कायबी कळत नाय." मला तो माणूस तिथेच आवडला.

३

घर सुबक होतं. हॉल अठरा बाय चौदाचा, खाली गुळगुळीत फरशी, वर पीओपी. सामान मोजकंच. एक सोफा, एक लाकडी आरामखुर्ची आणि भिंतीवर टीव्ही. असा हॉल माझ्या धंद्यात त्रासाचा असतो, कारण त्यात आवाज चेंडूसारखा उसळतो. मी येतानाच जाड पडद्यांची नावं डोक्यात घोळवत आलो होतो.

सकाळभर जोडणी केली. टीव्हीमागून ऑप्टिकल तार काढली, ती डिजिटल डब्यात नेली. हा डबा आकड्यांचा आवाज करतो. तिथून ॲम्प्लिफायर, तिथून दोन स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे. आरामखुर्ची बाबांची, म्हणून माईक तिच्यापाशी.

रामेश्वर आणि त्याची बायको शालू अंगणात गेले. मी लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसलो, दार लोटलं आणि सूर सोडला.

अशा हॉलमध्ये आवाज निदान पॉइंट आठ सेकंद रेंगाळायला हवा. हे मला मोजायच्या आधीच ठाऊक असतं, जसं शालूवहिनींना हातानेच मिठाचा अंदाज असतो. आकडा आला पॉइंट चार. बरोब्बर निम्मा.

मी पुन्हा सूर सोडला. पॉइंट चार.

पॉइंट चार म्हणजे त्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं बसलेली असायला हवीत. मी दार उघडून पाहिलं. सोफा, खुर्ची, माईकचा स्टँड आणि फरशीवर खिडकीतून आलेलं ऊन.

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी भीती वाटत नाही, राग येतो. आधी माईकचा, मग तारेचा, मग स्वतःचा. मी गुडघ्यावर बसून सगळ्या जोडण्या पुन्हा तपासत होतो, तेवढ्यात अंगणातून खोकत खोकत एक हाक आली.

"मास्तर, भरल्या घरात कशाला शिट्टी मारायलाव?"

४

केरबा बाजेवर बसला होता. डोक्याला पटका, अंगावर घोंगडी, छातीचा भाता वरखाली होत होता. चष्मा घालणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी मास्तर होता. मी त्याच्या पायाशी बसलो.

"बाबा, भरलेलं कसं? आत कुणी नाही."

"दिसत नाय ते मलाबी ठावं हाय. पन भरलंय."

"कशावरून?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, एवढं शिकून तू वाया गेलास. "दगडाचं वाडगं असतंय बघा, मेंढरं कोंडायचं. अंधारात तिथं गेलं की एक बारीक हाक टाकायची. हाक माघारी आली तर वाडगं रिकामं. मधीच विरली तर भरलेलं. भरल्या वाडग्यात पाय घालायचा नाय. बुजली की तुडवत्यात."

मला काय वाटलं ते खरं सांगतो. आनंद झाला. मी लॅपटॉपवर जे करतो तेच हा माणूस साठ वर्षं गळ्याने करत आला होता, आणि आमचं दोघांचं उत्तर एकच येत होतं. धंद्यात असा सहकारी मला आजवर मिळाला नव्हता.

"मग आत मेंढरं आहेत म्हणता?" मी थोडं चेष्टेनं विचारलं.

"मेंढरं असती तर वास आला असता," केरबा म्हणाला. "वास कशाचाच येत नाय. म्हनून तर म्या बाहेर बसलोय."

त्याला चेष्टा वगैरे काही करायची नव्हती. मग मीही ती सोडून दिली.

५

त्या आठवड्यात मी डोकं खाजवत बसलो. माईक दुकानात मोजून पाहिला, ठणठणीत होता. घरी शैलाच्या स्वयंपाकघरात मोजला, तिथेही बरोबर आकडा आला आणि वर शिव्या मिळाल्या. मग दुसरा माईक, दुसरा लॅपटॉप आणि जवळपास सगळं दुकान गाडीत घालून पुन्हा पडेगाव गाठलं.

या वेळी मी सोफाही बाहेर काढायला लावला. फक्त खुर्ची ठेवली. आकडा वाढायला हवा होता. तो पॉइंट तीनवर आला.

मग मला एक कल्पना सुचली. ती सुचली नसती तर बरं झालं असतं, पण तेव्हा मला फार हुशारी वाटली. माईकचा स्टँड वर-खाली होतो. मी आधी तो पूर्ण वर नेला, डोक्याच्याही वर. सूर सोडला. आवाज छान मोकळा, भिंतीवरून परत येणारा, अशा हॉलमध्ये यावा तसा. मग माईक गुडघ्याइतका खाली आणला.

गुडघ्याइतक्या उंचीवर काहीच माघारी आलं नाही. स्पीकरमधून निघालेला सूर माईकला एकदा भेटला आणि संपला. चारही भिंती जागेवर होत्या, त्यांना रंग होता, एकीवर रामेश्वरच्या लग्नाचा फोटो होता, आणि गुडघ्याइतक्या उंचीवरून ऐकलं तर त्या भिंती नव्हत्याच. गोधडीत तोंड खुपसून बोलावं, तसा तो सूर होता.

मी वीत वीत माईक वर घेत गेलो. मांडी, कंबर, छाती. प्रत्येक वेळी व्हरांड्यात जायचं, दार लोटायचं, सूर सोडायचा. कमरेच्या वर चार बोटं गेल्यावर भिंती परत आल्या. म्हणजे त्या हॉलमध्ये जे काही होतं ते कमरेपर्यंत होतं. खाली बसलेल्या माणसांच्या डोक्यांइतकं.

स्टँडवर मी त्या उंचीला पिवळी चिकटपट्टी लावली. दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा मोजलं. हद्द पट्टीच्या बोटभर वर गेली होती.

जेवताना मला आणखी एक गोष्ट दिसली होती आणि ती मी मुद्दाम मनात दाबून ठेवली होती. शालूवहिनी स्वयंपाकघरातून ताटं घेऊन व्हरांड्यात येत होत्या. सरळ रस्ता हॉलच्या मधून होता. त्या मात्र भिंतीच्या कडेने, अंग चोरून, ताट उंच धरून येत होत्या. गच्च भरलेल्या पंगतीत वाढपी चालतो, तशा. रामेश्वरही तसाच आला.

"वहिनी, मधून का नाही येत?" मी विचारलं.

त्या थांबल्या. हातातल्या ताटाकडे, मग फरशीकडे पाहिलं. "काय की," त्या म्हणाल्या. "तसंच पडलंय वळन. टीव्हीबी आमी आतल्या खोलीत मोबाइलवरच बघतो."

आणि मग माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मीही प्रत्येक खेपेला भिंतीच्या कडेनेच खुर्चीपर्यंत गेलो होतो.

६

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. हे कबूल करायला मला लाज नाही. पण मी घरी गेलो, चहा प्यालो, आणि पुन्हा मन म्हणायला लागलं, अरे, कसली तरी पोकळी असेल फरशीखाली. पीओपीच्या वर काही असेल. अमुक असेल, तमुक असेल. एकही कारण गुडघ्याच्या उंचीला लागू पडत नव्हतं, तरी मी ती रचत राहिलो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी कडक झाली. रामेश्वरचा फोन आला. "सर, बाबाचा खोकला वाढलाय. छातीत घरघर व्हायलीय. तुमी म्हनलात की झालंच म्हनून. काय झालं मग?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं.

आमच्या त्या डिजिटल डब्यात एक सोय असते. खोलीच्या मापात जे कमी पडतं, ते तो आवाजातच भरून देतो. खोली आवाज गिळत असेल तर थोडं रेंगाळणं तो स्वतःच जोडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, भिंतीच बोलल्या. पडद्यांनी मारून टाकलेल्या दिवाणखान्यांसाठी मी ती शेकडो वेळा वापरली आहे. त्यात फसवणूक आहे असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हद्द खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानाच्या वर गेली होती. मी ते मोजलं, लॅपटॉपला दाखवलं, आणि म्हणालो, हे सगळं भरून काढ. त्याने अर्ध्या मिनिटात काढलं.

मग मी केरबाला दाराशी बोलावलं. तो घोंगडी सावरत, मुलाच्या खांद्याला धरून व्हरांड्यात आला.

"बाबा, आता ऐका. मग सांगा."

"म्याच टाकली असती हाक," तो धापा टाकत म्हणाला. "पन नरड्यात दम ऱ्हायला नाय. तुमचंच वाजवा."

मी तो सूर वाजवला. हॉल उघडा होता, आणि त्यातून तो सूर असा निघाला की काय सांगू. स्वच्छ, मोकळा, चारही भिंतींना हात लावून परतणारा. पॉइंट आठ. केरबाने डोळे मिटले आणि मान वाकडी करून ऐकलं. मग आणखी एकदा वाजवायला लावला.

"रिकामं झालं," तो हळूच म्हणाला. "मास्तर, कसं केलंत?"

मी म्हणालो, "तारा बदलल्या."

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या असतील, पण या एका थापेबद्दल मला अजूनही स्वतःला क्षमा करता आलेली नाही.

केरबाने मुलाचा खांदा सोडला. चपला काढल्या. आणि तो हॉलच्या मधून, सरळ, फरशीवर पाय टेकवत खुर्चीकडे चालत गेला. त्या घरात मधून चालणारं ते पहिलं माणूस. शालूवहिनींचा हात नकळत त्यांच्या तोंडाकडे गेला. तो पोचला, खुर्चीच्या हातावर हात ठेवून वळला आणि बसला. बसताना, मी हे अगदी शपथेवर सांगतो, त्याच्या घोंगडीचं खाली लोंबणारं टोक एका बाजूला सरकलं. कुणीतरी जागा करून द्यावी तसं. मग पुन्हा सरळ झालं.

रामेश्वर रडत होता. त्याने हे पाहिलं नाही. मी केरबाच्या ओव्या लावून दिल्या.

७

निघताना मी रामेश्वरला फाटकापाशी गाठलं.

"रामेश्वरराव, एक ऐका. बाबा आत आहेत तोवर सिस्टिम बंद करू नका. आधी त्यांना बाहेर आणा, मग बंद करा."

"बंद कशाला करायची? आनि बाहेर कशाला आनायचं?" तो हसला. "सर, दोन वर्सं झाली. दोन वर्सांनी माझा बाप घरात आलाय."

तेव्हाच मी त्याला सगळं सांगायला हवं होतं. की मी घर रिकामं केलेलं नाही, फक्त तसं ऐकू येईल अशी व्यवस्था केली आहे. पण काय सांगणार होतो? की तुमच्या हॉलमध्ये कानापर्यंत काहीतरी भरलं आहे आणि मी तुमच्या म्हाताऱ्याला त्याच्या मध्यभागी नेऊन बसवलं आहे? हे वाक्य मी गाडीत दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. दरवेळी ते वेड्याचं वाटलं. त्यात पुन्हा, तो आत असल्याने वाचणार होता, हेही खरंच होतं.

पुढचे दहा-बारा दिवस रामेश्वर मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवत राहिला. केरबा खुर्चीत, पायाशी हीटर, समोर दुधाचा पेला. ओव्या सुरू, ढोल सुरू, आणि म्हातारा तोंडातल्या तोंडात ओळी म्हणतोय. खोकला थांबला होता. अंगावर थोडं मांसही आलं होतं. घरातली माणसं अजून कडेनेच चालताना दिसत, पण बोलणं-चालणं सगळं ढोलाच्या आवाजाखाली झाकून जाई. मी प्रत्येक व्हिडिओ कानाला हेडफोन लावून ऐकायचो. ओव्यांच्या मागे काय ऐकू येतं, ते शोधायचो. काहीच ऐकू यायचं नाही. माझं काम मी चोख केलं होतं.

शैलाने एकदा विचारलं, "इतकं काय ऐकताय?"

"काही नाही," मी म्हणालो. तेच तर ऐकत होतो.

८

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी दुकानात एका गिऱ्हाइकाला तारांची लांबी समजावत होतो. रामेश्वरचा फोन वाजला.

"सर, लाइट गेलीय. सगळ्या पडेगावची. इन्व्हर्टरवर पंखे-दिवेच हायेत. तुमचं मशीन बंद पडलंय."

हातातली तार मी खाली टाकली. "बाबा कुठं आहेत?"

"खुर्चीतच की. पन..." त्याने आवाज खाली आणला. "ते डोळे मिटून बसलेत. म्या हाक मारली तर नुसतं बोट वर केलं. बारीक आवाजात म्हनलं, रामा, आत येऊ नको."

"तुम्ही कुठं आहात?"

"व्हरांड्यात. शालू शहागंजला बाजाराला गेलीय. सर, त्यांच्या तोंडावर घाम फुटलाय. थंडीत."

"आत जाऊ नका," मी म्हणालो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. मी त्याला हाताने बाहेर घालवलं. "रामेश्वरराव, ऐका माझं. लाइट येईपर्यंत तिथंच थांबा. बाबांना म्हणावं, बोलू नका. मी निघतोय, वीस मिनिटांत पोचतो. माझी चूक झालीय, मी येऊन सांगतो सगळं, पण आत पाय टाकू नका."

त्याला माझी भीती ऐकू आली असणार.

"सर," तो म्हणाला, "माझा बाप हाय तो."

फोन त्याने कानालाच धरून ठेवला असावा, किंवा हातात. मला त्याच्या चपला काढल्याचा आवाज आला. मग त्याने हाक मारली, "बाबा." ती हाक व्हरांड्यातली होती. वर पत्रा होता, शेजारी भिंत होती, हे मला इथे उस्मानपुऱ्यात बसून कळत होतं.

मग पावलं. फरशीवर अनवाणी, भराभर, सरळ. कडेची नव्हेत.

"बाबा." ही दुसरी हाक. तिच्या वरच्या बाजूला थोडा हॉल होता, खाली काहीच नव्हतं.

"रामेश्वर!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एका गिऱ्हाइकाला एकेरीत हाक मारली.

"बाबा." तिसऱ्या हाकेला वर नाही, खाली नाही, भिंत नाही, छत नाही. नुसता एक शब्द, सगळ्या बाजूंनी दाबलेला. त्यानंतर श्वाससुद्धा ऐकू आला नाही. फोन कटला नव्हता. स्क्रीनवर सेकंद पळत होते. मी किल्ली शोधत होतो, ती माझ्या हातातच होती. मी हाका मारत होतो, आणि माझ्या हाका तिकडे कुणाच्या तरी हातातल्या किंवा फरशीवर पडलेल्या फोनमधून निघत असतील, हे मला कळत होतं. त्यांनाही कशाने उत्तर दिलं नाही.

चार मिनिटं आणि काही सेकंद झाल्यावर तिकडे काहीतरी खट्कन वाजलं. लाइट आली होती. यंत्र जिथे थांबलं होतं तिथून आपोआप सुरू झालं. आधी ढोल, मग केरबाचा तरुणपणीचा खणखणीत आवाज. प्रत्येक ओळ समोरच्या भिंतीपर्यंत जात होती आणि मोकळी होऊन परतत होती. ना कुणाचा खोकला, ना कुणाचं पाऊल. तीस वर्षं मी लोकांच्या घरी आवाज लावत आलो, पण इतकं सुंदर, इतकं रिकामं घर मी कधीच ऐकलं नव्हतं.